दुकान वाढवताना

रात्री नऊच्या सुमारास किराणा दुकानदार शटर अर्ध्यावर ओढतो आणि उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला सांगतो, "दुकान वाढवलं आता, सकाळी या." गिऱ्हाईक निमूट परत फिरतं. शेजारचा गाळा घेतला का, वर माळा काढला का, असलं काही विचारत नाही. वाढवणं म्हणजे बंद करणं, हे दोघांनाही आपसूक कळलेलं असतं. नारळाचंही तेच. तो फुटतो, त्याची दोन भकलं होतात, पाणी सांडतं, आणि आपण म्हणतो नारळ वाढवला. हातातली बांगडी पिचली तर ती वाढली. मंगळसूत्र तुटलं तर तेही वाढलं. समई विझत नाही, शांत होते. घराबाहेर पडणारा 'येतो' म्हणतो, आणि चुकून 'जातो' म्हणालाच तर आतून आवाज येतो, "जातो काय रे, येतो म्हणावं!"

शब्द एक सांगतो, माणूस नेमकं उलटं समजतो, आणि घोटाळा होत नाही. शाळेत अलंकार शिकवताना हा भाग राहून जातो. तिथे 'भाषेचे दागिने' अशी सुरुवात होते, मग सम, जैसा, परी, गत अशा शब्दांची यादी येते, आणि पोरं कवितेत 'सम' शोधून समोर 'उपमा' लिहून मार्क घेतात. दागिना काय, काढून ठेवला तरी चालतो. 'दुकान वाढवलं' मात्र काढून ठेवता येत नाही. ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न त्या दुकानाशी बांधलेला आहे, त्याला रोज रात्री स्वतःच्या तोंडाने 'दुकान बंद झालं' म्हणायचं नसतं. म्हणून तो अभद्र शब्द बाजूला सारतो आणि त्याच्या जागी भरभराटीचा शब्द ठेवतो.

ऐकणाऱ्याला हे कळतं कसं, याचा हिशेब आपल्याकडच्या शास्त्रकारांनी फार बारकाईने मांडलेला आहे. शब्द सरळ अर्थ सोडून त्याला जोडलेला दुसरा अर्थ देतो, त्याला लक्षणा म्हणतात. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या. पहिली, शब्दाचा सरळ अर्थ अडला पाहिजे; याला मुख्यार्थबाध म्हणतात. दुसरी, नवा अर्थ जुन्याशी कुठल्यातरी नात्याने जोडलेला हवा. तिसरी, तसं बोलण्यामागे एकतर रूढी हवी, नाहीतर काही प्रयोजन हवं. शास्त्रातलं ठरलेलं उदाहरण आहे 'गंगायां घोषः', म्हणजे गंगेवर गवळीवाडा. पाण्याच्या धारेवर वाडा वसत नाही, म्हणून अर्थ अडतो. तीर पाण्याला लागून असतो, म्हणून अर्थ तीरावर सरकतो. आणि 'तीरावर' असं सरळ न म्हणता 'गंगेवर' म्हटल्याने नदीचा गारवा आणि पावित्र्य वाड्याला आयतं मिळतं.

आजचा माणूस म्हणतो, "आमचं घर हायवेवरच आहे." ट्रकच्या लेनमध्ये कुणी घर बांधत नाही, पण 'हायवेजवळ' म्हटलं असतं तर एक किलोमीटरही जवळच झालं असतं. 'हायवेवर' म्हटलं की उतरलं आणि पोचलं. शिवाय रात्रभर हॉर्न ऐकू येत असणार, हेही न सांगता कळतं. हा शेवटचा भाग व्यंजनेचा. शब्दाने तो सांगितलेला नसतो, ऐकणारा तो काढून घेतो.

रूढी आणि प्रयोजन यांच्यातली रेघ मात्र अवघड आहे. मम्मटाने रूढीसाठी 'कुशल' हा शब्द घेतला. कुश म्हणजे दर्भ. त्याच्या पात्याची कड धारदार असते, आणि हात कापून न घेता जो तो उपटून आणतो तो कुशल. पुढे कुठल्याही कामातला हुशार माणूस कुशल झाला. तीनेक शतकांनी विश्वनाथ या दुसऱ्या शास्त्रकाराने यावर हरकत घेतली. शब्द जन्मला कशातून आणि आज चालतो कशावर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्याचं म्हणणं. 'गो' शब्द 'जाणे' या अर्थाच्या धातूपासून आला, म्हणून 'गाय झोपली' या वाक्यातही लक्षणा मानायची का, असा त्याचा खोचक सवाल आहे. 'कुशल'पुरतं विश्वनाथाचं बरोबर वाटतं. 'कुशल कामगार' म्हणताना दर्भ कुणाच्या मनात येत नाही, आणलाही तरी काही हाती लागत नाही.

पण मराठीत असे पुष्कळ शब्द आहेत जे मेलेले दिसतात आणि असतात नुसते झोपलेले. चाकोरी घ्या. बैलगाडीच्या चाकांनी मातीच्या रस्त्यात पडलेली खोल घळ म्हणजे चाकोरी. पावसाळ्यात ओल्या मातीत ती रुतत जाते, उन्हाळ्यात तिच्या कडा टणक होतात, आणि मग गाडीवानाने ठरवलं तरी चाक सहजी बाहेर निघत नाही. जोर लावून काढायला जावं तर आख मोडायची भीती. एवढं डोळ्यापुढे असलं की 'चाकोरीबाहेरचं शिक्षण' म्हणजे नुसतं 'वेगळं शिक्षण' राहत नाही, बाहेर पडताना काय मोडू शकतं हेही त्यात येतं. आणि मग 'चाकोरीबाहेर भरारी घेतली' हे वाक्य कानाला खटकतं. गाडी भरारी घेत नाही.

झापडबंद हाही तसाच. तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या बैलाच्या डोळ्यांवर झापडं बांधत. दिवसभर एकाच वर्तुळात फिरतोय हे त्याला दिसू नये, घेरी येऊ नये, म्हणून. झापडं मालक बांधतो, बैल नाही. 'झापडबंद विचार' हा ठपका म्हणूनच 'संकुचित विचार' यापेक्षा जड आहे, कारण कुणीतरी ती झापडं बांधलीत आणि त्यात त्याचा फायदा आहे, एवढं सगळं त्यात येतं.

वस्तू डोळ्याआड झाली की वाक्प्रचार उभा राहतो, पण त्यातली खोच निघून जाते. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे, याचा अर्थ शहरातलं मूलही 'खोटी स्तुती करून फुगवणे' असं बरोबर लिहील. पण ते मनात पिंपळाएवढं झाड उभं करतं. हरभऱ्याचं रोप फूट-दीड फूट उंचीचं, जेमतेम गुडघ्याला लागणारं. त्याला 'झाड' म्हणणं इथेच अर्धी टिंगल झाली, आणि त्यावर आपण चढलोय असं ज्याला वाटतं त्याची उरलेली अर्धी. फार दिवसांनी भेटलेल्याला 'उंबराचं फूल झालास' म्हणतात. तिथेही उंबर पाहिलेला असावा लागतो. उंबराला फूल येतं, पण ते फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत, शेकड्यांनी, बाहेरून न दिसेल असं. म्हणजे तो माणूस नव्हता असं नाही, फक्त आपल्याला दिसत नव्हता. आणि वाटाण्याच्या अक्षता? कपाळावरच्या ओल्या कुंकवात तांदळाचा दाणा चिकटतो, वाटाणा घरंगळतो. दिल्यासारखं करायचं आणि हाती काहीच राहू द्यायचं नाही, असा तो नकार आहे. तोंडावर 'नाही' म्हणणाऱ्याने वाटाण्याच्या अक्षता लावल्या, असं लिहिणारे हल्ली पुष्कळ आहेत.

दप्तरातून आलेले वाक्प्रचार आणखी काटेकोर. शिक्कामोर्तब हा एक शब्द वाटतो, पण ठसे दोन. शिवकाळापासूनच्या पत्रांत राजाची किंवा अधिकाऱ्याची मुद्रा, म्हणजे शिक्का, वरच्या बाजूला असे आणि मजकूर संपला की तिथे मोर्तब उमटवत. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असतं ते मोर्तब. इथे लेखनाची मर्यादा झाली, असा त्याचा भाव. सोय सरळ आहे, खाली कुणी दोन ओळी घुसडू नयेत. म्हणून नुसती मंजुरी मिळाली तर शिक्कामोर्तब म्हणू नये. यापुढे एक अक्षर बदलणार नाही, अशा निर्णयालाच तो शब्द शोभतो. 'तत्त्वतः शिक्कामोर्तब' हा तर विनोदच.

रूपक किती नेमकं असू शकतं हे पाहायचं तर पानिपतची बातमी दक्षिणेकडे आणणारं सावकारी पत्र पाहावं. लढाई 14 जानेवारी 1761ची. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेतच ते पत्र पडलं. त्यातला मजकूर मराठी माणसाला पाठ असतो: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोहरांचा आकडा काही ठिकाणी पंचवीसही आढळतो. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, रुपये आणि खुर्दा म्हणजे बाकीची फौज आणि बुणगे. पत्र पेढीवरचं, म्हणून शब्द पेढीवरचे. वाटेत कुणी फोडलं तर व्यापारातली खोट वाटावी.

पण सांकेतिक लिपीपेक्षा इथे जास्त काही आहे. नाणी उतरत्या क्रमाने येतात आणि सोबत मोजणीही सैल होत जाते. मोती दोनच, नेमके. मोहरा मोजलेल्या. रुपयापाशी आलो की गणती संपते. क्रियापदंही एक नाहीत. मोती गळतात, म्हणजे सर तुटते आणि मग बाकीचे मणीही जागेवर राहत नाहीत, मोहरा हरवतात, खुर्दा नुसता जातो. मम्मटाच्या तीन अटी लावल्या तर पहिली इथे मुद्दाम दोन तऱ्हांनी बसवलेली दिसते. परक्याचा अर्थ अडत नाही, त्याला तो हिशेबच वाटतो. ज्याला भाऊंच्या फौजेची काळजी आहे त्याचाच अडतो. त्याच लढाईतून मराठीला एक झकास श्लेषही मिळाला. "माझ्यावर विश्वास नाही?" याला ठरलेलं उत्तर: "विश्वास गेला पानिपतच्या लढाईत!"

पानिपतच्या नावावर एक उसनं बिलही फाडलं जातं. 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार तिथून आला, कारण लढाई संक्रांतीला झाली, असं हमखास सांगितलं जातं. आज संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते म्हणून ते पटतं. पण इंग्रजी तारखांच्या मानाने संक्रांत साधारण 70-72 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख होती 12 जानेवारी 1863. तिथून मागे मोजत गेलं तर 1761ची संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास पडते, लढाईच्या चार दिवस आधी. वाक्प्रचाराचं मूळ पंचांगात शोधावं. तिथे संक्रांत ही देवी आहे. ती कोणत्या वाहनावर बसून येते, काय नेसते, काय खाते, कुठून कुठे जाते, हे दरवर्षी छापलेलं असतं, आणि ती जे धारण करते त्याचा नाश होतो किंवा ते महागतं असं मानतात. "यंदा संक्रांत पिवळ्यावर आहे" म्हणून बायका त्या वर्षी पिवळी साडी टाळतात. 'त्याच्या नोकरीवर संक्रांत आली' यातला 'वर' तोच.

इथे 'वर' महत्त्वाचा ठरला, तसाच प्रत्यय एरवीही ठरतो. वाक्प्रचारात जुनं व्याकरण गोठून बसलेलं असतं. मराठीतली -ई प्रत्ययाची जुनी सप्तमी बोलण्यातून बरीचशी गेली, पण नाकी नऊ येणे, कानी घालणे, गळी उतरवणे, माथी मारणे, पदरी पडणे, पोटी जन्मणे यांत ती ठणठणीत आहे. तिथे -त लावून पाहा. तेल कानात घालतात, तक्रार कानी घालतात. गोळी गळ्यात उतरते, योजना गळी उतरवावी लागते. 'नाकात नऊ आले' म्हटलं तर ऐकणारा मोजायला लागेल. शरीराच्या अवयवाला -त लागला की तो पुन्हा मांसाचा होतो आणि -ई लागला की उपमेचा, असं बऱ्याच वेळा दिसतं. नेहमी नाही, अंगात येणे, गळ्यात मारणे हीही अस्सलच. पण त्यामुळे एक खूण मिळते. संस्थेची सूत्रं आपण 'हाती' घेतो, कायदा मात्र 'हातात'. पहिलं जुन्या मराठीतलं, दुसरं इंग्रजीवरून उतरवलेलं, आणि उतरवणाऱ्याच्या काळात नव्या वाक्प्रचाराला -ई लावायची सवय सुटलेली असावी.

उतरवलेलं म्हणून ते टाकाऊ, असं मात्र मी म्हणणार नाही. सुवर्णमध्य, शीतयुद्ध, नक्राश्रू ही सगळी बाहेरून आलेली. नक्राश्रूंना तर संस्कृत उपरणं इतकं बेमालूम बसलंय की ते कालिदासाच्या घरचे वाटतात. सिंहाचा वाटा इसापचा. इसापच्या गोष्टी मराठीत फार लवकर आल्या. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात 1806 सालीच त्या छापल्या गेल्या. मूळ गोष्टीत सिंह सगळ्यांनी मिळून केलेल्या शिकारीचे वाटे पाडतो आणि एकेक कारण सांगत सगळेच स्वतःकडे ओढतो. म्हणजे तो वाटा दांडगाईचा. मराठीत मात्र 'संस्थेच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा आहे' हे सत्काराच्या भाषणातलं वाक्य झालं. घेण्याचा वाटा देण्याचा झाला. ही चूक म्हणावी तर आता रूढीने ती पक्की केली आहे, आणि रूढी ही मम्मटाची मान्य अट आहे.

त्याच्या जोडीला आपला खारीचा वाटा. सेतू बांधताना अंगाला वाळू चिकटवून आणणाऱ्या खारीचा. तो फक्त प्रथमपुरुषी चालतो. "माझा आपला खारीचा वाटा" हे विनयाचं. "तुमचाही यात खारीचा वाटा आहे" असं देणगीदाराला व्यासपीठावरून म्हटलं की पुढच्या वर्षी पावतीपुस्तक कोरं राहतं. कुठल्याही कोशात अर्थासमोर हा पुरुष लिहिलेला नसतो.

आता सर्वांत जास्त होणारी चूक: दोन चित्रं एकमेकांत घुसणं. 'महागाईच्या वणव्यात सामान्य माणूस भरडला गेला.' वणवा भरडत नाही. वणव्यात होरपळला म्हणा, किंवा जात्यात भरडला म्हणा. पण दुसरं निवडण्याआधी जातं नीट पाहावं. दळणे म्हणजे पीठ करणे. भरडणे म्हणजे धान्य जाडसर फोडणे, डाळ पाडणे. दोन्हीला दगड दोन लागतात, खालचा स्थिर, वरचा फिरता, आणि दाणा त्यांच्या मध्ये. म्हणून भरडलं जाण्यासाठी दोन बाजू हव्यात. संपकरी आणि प्रशासन यांच्यामध्ये प्रवासी भरडले जातात, हे चोख. एकट्या महागाईत भरडायला दुसरा दगड कुठून आणणार? तिथे होरपळच बरी. 'भ्रष्टाचाराची कीड मुळासकट उपटून काढू' यातही तेच. मुळं झाडाची, किडीची नाहीत.

याचा अर्थ प्रत्येक वाक्प्रचारावर पहारा बसवावा असा नाही. 'कामाचा डोंगर उपसला' हे वाक्य चालतं, आणि चालावं. उपसणं खरं तर विहिरीतल्या पाण्याचं किंवा गाळाचं, पण इथे दोन्ही शब्द इतके गाढ झोपलेत की शेजारी झोपवले तरी भांडत नाहीत. भांडण होतं ते एक जागा असतो तेव्हा. 'वणवा' जागा शब्द आहे, त्यात ज्वाळा दिसतात. आपल्या लेखात कोणता जागा आणि कोणता झोपलेला, हे ओळखायला एक साधी युक्ती पुरते. शब्दाला त्याच्या मूळ वस्तूचं एखादं विशेषण जोडून पाहायचं. 'पेटता वणवा' चालतो, म्हणजे जागा. 'कातळाचा कामाचा डोंगर' हास्यास्पद होतं, म्हणजे झोपलेला. शंका राहिलीच तर दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश उघडावा, आणि त्याच्या शेजारी मोल्सवर्थ. 1857च्या आवृत्तीतल्या त्या जुन्या कोशात शब्दाचा घरचा अर्थ आणि लाक्षणिक अर्थ पुष्कळदा एकाच नोंदीत सापडतात.

नवे वाक्प्रचार घडायचे थांबलेले नाहीत. फक्त ते शेतावरून आणि घाण्यावरून येत नाहीत. डोकं हँग होतं, नात्यात रेंज येत नाही, परीक्षेत एखाद्या विषयात विकेट पडते. यांतला सर्वांत पक्का मराठी झालेला म्हणजे 'फील्डिंग लावणे'. क्रिकेटमध्ये ती चेंडू अडवायला लावतात. मराठीत ती लावतात समितीवर नाव यावं म्हणून, बदली पुण्याला व्हावी म्हणून, नाहीतर कॉलेजच्या गेटवर कुणी दिसावं म्हणून. कुणाला कुठे उभं करायचं, कोण कुणाच्या ओळखीचं, झेल कुठे उडेल, हे सगळं आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि एवढं करून झेल सुटलाच तर त्यालाही शब्द तयार आहे, "फील्डिंग चांगली लावली होती रे, पण वरूनच पत्ता कट झाला." मैदानावरून गडी थेट पत्त्यांच्या डावात गेला, आणि वाक्य ऐकताना कुणाला काहीही खटकत नाही.